सार्वमत, समता आणि विवाहाचा अधिकार

विवाह ही दोन व्यक्तींची खाजगी बाब आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु आमच्या शिरूर कासार तालुक्यात हे विधान टिकत नाही. येथून दरवर्षी ऊसतोडीस जाणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीस मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या माणसाचा हिशेब 'अर्धा कोयता' असा होतो. मुलामुलींचे विवाह अल्पवयात उरकले जाण्याचे एक कारण हेच होय. विवाह म्हणजे केवळ मंगल परिणय नव्हे. तो समाजाच्या व शासनाच्या हिशेबात माणूस पुरा धरला जाण्याचा दाखला आहे. वारसा, निवृत्तिवेतन, आजारी सोबत्यासंबंधी निर्णय घेण्याचा हक्क हे सारे त्या दाखल्यावर अवलंबून असते. हा दाखला ज्यांना मिळतच नाही, ते समलिंगी स्त्री-पुरुष आयुष्यभर 'अर्धा कोयता'च राहतात.

हा दाखला द्यावा की नाही, असा प्रश्न आयर्लंडमध्ये थेट जनतेपुढे आला. तेथील राज्यघटनेत सार्वमताविना दुरुस्ती होत नाही. २२ मे २०१५ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी विवाहसमतेस अनुकूल कौल दिला. याच देशात १९९३ पर्यंत पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. मतदानापूर्वी चार महिने, १८ जानेवारी २०१५ रोजी, तेथील आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे आकाशवाणीवरील मुलाखतीत सांगितले आणि आपल्याच देशात समान नागरिक म्हणून जगण्याची इच्छा बोलून दाखविली. त्यांचे वडील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याच्या वराड गावचे. पुढे २०१७ मध्ये वराडकर त्या देशाचे पंतप्रधान झाले. मराठी मुळाच्या एका माणसाला स्वतःच्या विवाहाचा हक्क लाखो अपरिचितांच्या मतांतून मिळवावा लागला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. असे मत आमच्याकडे मागितले गेले तर आम्ही काय करू? आम्ही अनुकूल मत देऊ. त्यामागील कारणे आमच्या स्वतःच्या जीवनातील आहेत.

पहिले कारण जातीचे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात असल्याचे दाखविले आणि १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. कोणी कोणाशी विवाह करावा हे तिसऱ्याने ठरवावे, या तत्त्वावरच जातिव्यवस्था उभी आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली, ती सवर्ण मुलीशी त्याचा संबंध असल्याच्या संशयावरून. ज्या समाजाने या तत्त्वाची किंमत रक्ताने मोजली, त्याने तेच तत्त्व दुसऱ्यावर लादणे हे घोर विसंगत होय.

दुसरे कारण बाबासाहेबांच्या आचरणातील आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. लैंगिक विषयावरील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच त्यांचा अपराध. त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. बाबासाहेबांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. परंतु ज्या विषयाचा उच्चारही निषिद्ध होता त्याच्या बाजूने बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले, हे आपण विसरू नये.

काही उपासक विचारतील की, सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पती-पत्नीचीच कर्तव्ये सांगितली, त्याचे काय? शंका रास्त आहे. त्या सुत्तात पती व पत्नी असाच उल्लेख आहे. परंतु तेथे भर आहे तो परस्परांचा सन्मान, अवमान न करणे आणि एकनिष्ठा यांवर. ही शीले दोन पुरुषांना वा दोन स्त्रियांना पाळता येत नाहीत, असे कोण म्हणेल? बौद्ध परंपरेत विवाह हा लौकिक करार आहे, ईश्वरनिर्मित बंधन नव्हे. म्हणून तो बदलत्या कायद्याशी जुळवून घेऊ शकतो. बौद्धबहुल थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून असा विवाह कायदेशीर झाला आहे.

तथापि मत अनुकूल देतानाही एक इशारा आवश्यक आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. त्याऐवजी गावोगाव मतदान घेतले असते तर आमचे काय झाले असते? अल्पसंख्यकांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडावयाचे नसतात. त्याच महिन्याच्या ४ तारखेच्या भाषणात बाबासाहेबांनी संवैधानिक नीतिमत्तेचा आग्रह धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, तेव्हा हीच संकल्पना आधारभूत मानली. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने विवाहाचा प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या. १९५४ चा विशेष विवाह कायदा आजही स्त्री-पुरुषांच्याच विवाहास मान्यता देतो.

आपल्याकडे सार्वमत नाही. म्हणून आपले मत आपल्या प्रतिनिधींकडे, विहारातील चर्चेत आणि स्वतःच्या घरात नोंदवावे लागेल. आपल्याच कुटुंबातील मुलगा वा मुलगी हे सत्य सांगू लागेल, तेव्हा आपण खाप पंचायतीप्रमाणे वागतो की बुद्धाच्या अनुयायाप्रमाणे, हीच आपल्या मतदानाची वेळ होय. समता ही आपल्यापुरती मागून मिळत नसते. ती दुसऱ्यास देताना संकोच वाटू लागला, तर ती आपणांस अजून उमगलेली नाही असेच समजावे.