तवीलाच्या घळीत

दुपारचे चार वाजून गेलेत, तरी तवीलाच्या घळीतला काळा दगड अजून पोळतो आहे. तिन्ही अंगांना मेलेल्या ज्वालामुखीचे सरळसोट कडे, आणि त्यांच्या पायथ्याशी एकाखाली एक उतरत गेलेली पाण्याची टाकी. सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्या माणसाला ही लगेच ओळखीची वाटतात. तसाच खडक फोडून केलेला खोलावा, तसाच आतून गुळगुळीत गिलावा. इथल्या चुन्यात मात्र ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे, म्हणून तो इतकी शतकं दगडाला धरून राहिला आहे. मी हात लावून पाहतो. गिलावा गार आणि टणक लागतो. एका भेगेतून वाळलेल्या गवताची काडी बाहेर आली आहे.

सगळी टाकी कोरडी आहेत. इथे, येमेनमधल्या एडनला, वर्षाकाठी सरासरी पाच सेंटिमीटरही पाऊस पडत नाही.

अम्म माझ्या पुढे चालले आहेत. कमरेला चौकड्यांची लुंगी, पायात सपाता, सत्तरीला टेकलेले. बंदरातून निवृत्त झाले, जन्म इथलाच, क्रेटरमधला. एडनमधली ही सगळ्यात जुनी वस्ती, ज्वालामुखीच्या मुखातच वसलेली. मी बंदरातल्या यंत्रांच्या कामासाठी आलो तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते मला गाव दाखवायला नेतात. वडीलधाऱ्या माणसाला इथे अम्म, म्हणजे काका, म्हणतात. मीही तेच म्हणतो. त्यांचं हिंदी लहानपणी सिनेमाच्या थिएटरात शिकलेलं, त्यामुळे वाक्यावाक्याला संवादाची फेक येते.

"ही पाटी वाच," ते म्हणतात. इंग्रजीतली दगडी पाटी आहे. टाकी मुळात कशी बांधली गेली याची खात्रीलायक माहिती नाही, ब्रिटिश सरकारने त्यांची डागडुजी केली, असा मजकूर. अम्म पाटीवर बोट टेकवतात. "आमच्या लोकांनी डोंगर फोडला, त्याबद्दल माहिती नाही. ह्यांनी माती उपसली, त्याची पाटी!"

माती उपसली हे खरंच. गाळाखाली गाडली गेलेली ही टाकी 1854 मध्ये लेफ्टनंट प्लेफेअर यांच्या नजरेला पडली. इंग्रजांना हवा होता पाण्याचा साठा. पलटणीला पाणी, आगबोटींना पाणी. म्हणून दुरुस्ती करताना त्यांनी मूळ रचना बदलली. आधी घळीच्या उतारावर लहान लहान टाक्यांची साखळी होती. डोंगरावरून लोंढा आला की एक टाकं भरून दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात असा तो वाटेतच मंदावायचा आणि खालचं गाव वाचायचं. इंग्रजांनी साठवण वाढवायला मोजकी मोठी टाकी केली. पन्नासेक टाक्यांपैकी आज 13 उरली आहेत. शहराची तहान त्यांनी कधी भागली नाही, आणि लोंढा अडवायची जुनी युक्ती मोडली ती मोडलीच. पुढे पाणलोटातच घरं उभी राहिली. एप्रिल 2020 मध्ये पाऊस कोसळला तेव्हा क्रेटरच्या गल्ल्यांतून गाड्या वाहत गेल्या आणि माणसं दगावली. अम्म कठड्याच्या भिंतीवर कमरेच्या वर हात धरून मला त्यांच्या घरातल्या पाण्याची उंची दाखवतात.

टाकी उकरून काढली म्हणून इंग्रजांचे आभार मानायचे, की बिघडवली म्हणून जाब विचारायचा? दोन्ही करावं लागेल असं मला वाटतं. अम्मांना मात्र ह्या हिशेबात रस नाही. "माझी टाकी आहेत," ते म्हणतात आणि पायरीवरची प्लास्टिकची बाटली उचलून पिशवीत टाकतात.

मला इथे परक्यासारखं निवांत उभं राहता येत नाही, त्याचं कारण आहे. 1839 च्या जानेवारीत कॅप्टन हेन्सने एडन घेतलं ते मुंबई सरकारसाठी, आणि बरोबर मुंबईच्या पलटणी होत्या. 1932 पर्यंत ह्या गावाचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. 1937 मध्ये एडन वेगळी वसाहत झाली, तरी 1951 पर्यंत बाजारात आपलाच रुपया चालत होता. इथली सत्ता लंडनची, पण फायली, शिपाई आणि कारकून बरेचसे आपल्या किनाऱ्यावरून आलेले. कावसजी दिनशा यांची पारशी पेढी इथलीच. त्यांनी बांधलेल्या अग्यारीतला अग्नी 1976 मध्ये एअर इंडियाच्या विमानाने नेला गेला. तो आज लोणावळ्याला तेवतो आहे.

आणि वासुदेव बळवंत फडके. शिरढोणच्या ह्या माणसाला जन्मठेप देऊन मुंबई सरकारने ठेवलं ते आपल्याच इलाख्याच्या ह्या शेवटच्या टोकाला. कोठडीचं दार बिजागऱ्यांपासून उखडून ते पळाले. पण ह्या उघड्याबोडक्या डोंगरांत लपायला झाड नाही की प्यायला झरा नाही. पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी इथेच गेले. मी हे सांगतो तेव्हा अम्म चालायचे थांबतात.

"त्याचं घर किती लांब?"

"समुद्राच्या पलीकडे. पनवेलजवळ."

"इंग्रजांशी लढला?"

"हो."

"मग तो आमचा पण," ते म्हणतात आणि डोंगराकडे तोंड करून, ओंजळ धरून, पुटपुटत फातिहा म्हणतात. मीही हात जोडतो.

उतरताना ते 1967 सालचं सांगतात. 20 जूनला क्रेटर इंग्रजांच्या हातून गेलं. 3 जुलैच्या रात्री स्कॉटिश पलटण बॅगपाइप वाजवत पुन्हा आत घुसली. हा पोरगा तेव्हा आईच्या पदराखाली, खिडक्या बंद. "ते वाद्य आजही सहन होत नाही," ते म्हणतात. नोव्हेंबरअखेर इंग्रज गेले. त्याच वर्षी सुएझ बंद झाला होता, तो 1975 पर्यंत, आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक असलेलं हे बंदर ओस पडलं.

टॅक्सी आम्हाला तवाहीला सोडते. इंग्रजांचा स्टीमर पॉइंट तो हाच. टेकडीवर घड्याळाचा मनोरा आहे. लंडनच्या बिग बेनवरून लोक त्याला लिटल बेन म्हणतात. खाली क्रेसेंट हॉटेल, 2015 च्या लढाईत उद्ध्वस्त झालेलं. बॅगपाइप सहन न होणारा हा माणूस त्या मनोऱ्याकडे बघताना एकदम खुलतो. लग्न ठरलं तेव्हा बायकोला घेऊन तिथे चढल्याचं सांगतो. घड्याळ कोणी बांधलं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण तरुणपण त्यांनी तिथे काढलं आहे. ते काढून घ्यायचा अधिकार लंडनच्या सरकारला नाही, आणि मलाही नाही.

चहावाल्याने वेलदोडे घातलेला दुधाचा चहा पुढे ठेवला आहे. वीज गेलेली आहे, गल्लोगल्ली जनरेटर घरघरतात. एवढ्यात शेफिल्डहून मुलाचा फोन येतो. येमेनी माणसं तिथल्या पोलाद कारखान्यांत दोन पिढ्यांपूर्वीच गेलेली, हा त्यांच्यातल्याच नात्यागोत्यात गेला. रोजचंच बोलणं असावं. मुलाचं 'या', बापाचं 'नाही'. अम्म आवाज चढवतात, अरबीतून हिंदीवर येतात, मलाही कळावं म्हणून की काय.

"तिकीट नको पाठवू. सोलरची बॅटरी पाठव. मोठी. दोनशे अँपिअरची. आणि दुकानदाराकडून वॉरंटीचा कागद घे!"