क्योटोमधली एक मुस्लिम कबर

जपानच्या क्योटो शहरात एन्कोजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तिथे सय्यद उमर या मुस्लिम तरुणाची कबर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपान सरकारने आग्नेय आशियातून काही विद्यार्थी शिक्षणासाठी नेले होते. मलायातील जोहोरचा उमर त्यांपैकी एक. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 8.15 वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो त्याच शहरात शिकत होता.

त्याचा सोबती, केलांतनचा निक युसूफ, त्या बॉम्बचा बळी ठरला. उमर वाचला. इतर परदेशी विद्यार्थ्यांबरोबर तो काही दिवस जखमींच्या मदतीत राबला. महिनाअखेरीस टोकियोकडे जाताना रेल्वेत त्याची प्रकृती ढासळली. क्योटोत उतरवून इस्पितळात नेले, पण 3 सप्टेंबरला तो अल्लाहला प्यारा झाला. जपानने 15 ऑगस्टलाच शरणागती जाहीर केली होती. युद्ध संपले होते, किरणोत्सर्गाचे काम संपले नव्हते.

हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मेली. त्यांत शाळेची हजारो मुले होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार केले जात. त्या कामावर बारा-तेरा वर्षांची मुले जुंपली होती. त्यांतल्या एका मुलाचा जळून कोळसा झालेला जेवणाचा डबा तिथल्या संग्रहालयात आहे.

बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले आणि पुढची प्राणहानी टळली, असे समर्थन आजही केले जाते. पण त्या डब्याच्या मालकाने कोणता गुन्हा केला होता? त्याआधी 9-10 मार्चच्या एका रात्रीत टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून सुमारे एक लाख माणसे मारली गेली. शहर हेच लक्ष्य ठरवले, की त्यात सैनिक कोण आणि मूल कोण, हा प्रश्नच उरत नाही.

हजरत अबू बकर (रजि.) यांनी शामकडे निघालेल्या फौजेला ताकीद दिली होती की स्त्रिया, मुले व वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत आणि नांदती वस्ती उजाड करू नये. शत्रूशी लढतानाही ज्याच्या हाती शस्त्र नाही, त्याचा जीव अमानत आहे, हा त्यामागचा विचार. जगाच्या कायद्यानेही 1977 च्या जिनिव्हा पूरक करारात सरसकट बॉम्बफेकीला मनाई केली.

हे माप सर्वांना एकच लावायला हवे. गाझातील मुलांसाठी आपले डोळे भरून येतात, ते योग्यच आहे. पण चीनच्या चोंगचिंग शहरावर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकणारी विमाने जपानचीच होती. तिथली मुलेही निष्पापच होती. बॉम्ब टाकणारा आपल्या बाजूचा असला, म्हणून जुलूम हा इन्साफ होत नाही.

अणुबॉम्बातून वाचलेल्यांनी 1956 मध्ये निहोन हिदानक्यो ही संघटना उभारली. तिला 2024 चे शांततेचे नोबेल मिळाले. जे आमच्या वाट्याला आले ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये, एवढेच त्यांचे मागणे आहे.

घरात मुले युद्धाच्या बातम्या पाहतात आणि विचारतात, ‘कोण जिंकलं?’ त्यांना आपण आधी दुसरा प्रश्न विचारायला शिकवू या: ‘मेलं कोण?’