मृगात पेरायचं, वैशाखासाठी

रामनवमीच्या यात्रेसाठी पोहरादेवीकडे निघालेल्या गाड्या मानोऱ्याच्या पुढे लागतात, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं असं फारसं उरलेलं नसतं. हरभरा घरी गेलेला असतो, गहू निघालेला असतो, कुठे कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या, कुठे तुराट्यांचे ढीग. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला देशभरातून बंजारा भाविक येतात ते याच दिवसांत, आणि याच दिवसांत वाशीम जिल्ह्याच्या माळांवरची हरणं वर्षातल्या सगळ्यांत कठीण काळात शिरतात. चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंतचा हा काळ. हरणांसाठी काय पेरावं, या प्रश्नाचं उत्तर याच अडीच-तीन महिन्यांत दडलेलं आहे.

हा प्रश्न आता वारंवार विचारला जातो. शेतकरी विचारतात, कारण रात्रीच्या जागलीने ते टेकीला आले आहेत. निसर्गप्रेमी मंडळं विचारतात, कारण त्यांना काहीतरी करायचं असतं. जंगलातच खायला मिळालं तर जनावर शेतात येणार नाही, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. अमेरिकेत या कामाचं एक मोठं शास्त्र उभं राहिलं आहे. तिथले जमीनमालक आपल्या रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी खास पट्टे पेरतात. उन्हाळी हंगामासाठी चवळी, सोयाबीन, वाल, ज्वारी, सूर्यफूल अशी पिकं निवडतात. नराची शिंगं वाढण्याच्या आणि मादी पाडसाला पाजण्याच्या काळात भरपूर प्रथिनं मिळावीत, हा त्यामागचा हेतू. बऱ्याच ठिकाणी पुढे शिकारीचा हंगाम असतो, तोही हिशेबात धरलेला असतो.

आपल्याकडे ती यादी जशीच्या तशी उचलता येत नाही. शिकारीचा तर प्रश्नच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पण त्याहून मोठा फरक पावसाचा आहे. त्यांचा उष्ण हंगाम हा ओलाव्याचा, वाढीचा हंगाम असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उबही असते आणि ओलही, आणि तेव्हा रानात खायला कमी नसतं. ओल संपल्यावर ऊन उरतं, आणि भूक त्या उन्हात असते. मृगात पेरलेलं जे काही वैशाखापर्यंत उभं राहील, ते हरणाच्या उपयोगाचं. दिवाळीच्या आत वाळून मोडून पडणारी चवळी त्या भुकेला पुरत नाही.

पोहरादेवीच्या उत्तरेला, कारंजा तालुक्यात, कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. २००० साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, आणि भोवती शेतीच शेती. काळवीट हा दाट झाडीतला प्राणी नाही. तो लपून जगत नाही, बघून आणि पळून जगतो. त्याला गुडघ्याखालचं गवत आणि लांबवर मोकळी नजर लागते. माजाच्या दिवसांत नर आपापला तुकडा राखून उभे राहतात तेही अशाच उघड्या जमिनीवर. पुरुषभर ज्वारी पेरून त्याला बोलावलं तर तो आत शिरायला बिचकेल, आणि रोही, म्हणजे नीलगाय, मात्र खुशाल शिरेल. रोही पालाही खातो, गवतही खातो, पळसाच्या झुडपांत दिवस काढतो आणि रात्री धुरा ओलांडतो. रानडुकराची तर गोष्टच वेगळी. एकाच पट्ट्यातून सगळ्यांचं पोट भरेल ही अपेक्षा सोडूनच कामाला लागावं. आधी कोणासाठी हे ठरवायचं, मग काय पेरायचं ते ठरवायचं.

काळविटासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: पीक नको, कुरण हवं. बहुवर्षायू गवतांचं, अधूनमधून शेंगावर्गीय वेलींचं, कडेला मोजक्या झाडांचं.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अन्न पचवण्याचं काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना नत्र लागतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की हे जीव मंदावतात, चारा पोटात पडून राहतो आणि जनावर कमी खाऊ लागतं. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या कोवळ्या गवतात प्रथिनं दहा टक्क्यांच्या पुढे असतात. तेच गवत निसवून वाळलं की तीन-चार टक्क्यांवर येतं. म्हणजे वैशाखात माळ पिवळ्या गवताने भरलेला दिसला तरी त्यावरचं हरीण पोटभर खाऊनही उपाशी राहू शकतं. म्हणून नुसतं गवत वाढवून भागत नाही. कोणतं गवत, आणि त्याच्या सोबतीला काय, हे बघावं लागतं.

सोबतीला रानमूग, रानउडीद यांसारखे रानवेल हवेत. ते नत्र स्थिर करतात, गवताची प्रत सुधारतात आणि वाळल्यावरही त्यांचा पाला गवताच्या काडीपेक्षा सकस असतो. कडेला हिवर आणि बाभूळ असावी, कारण दोन्हींच्या शेंगा नेमक्या उन्हाळ्यात पिकून गळतात. बोरं हिवाळ्यात होतात, पळसाची फुलं फाल्गुनात. एकेक झाड भुकेच्या कॅलेंडरमधला एकेक पंधरवडा भरून काढतं. पण झाडं मोजकीच, आणि वेडी बाभूळ तर अजिबात नको. गुजरातेतल्या वेळावदरला तिच्या शेंगा काळवीट आणि रोही आवडीने खातात, आणि लेंड्यांतून तिचं बी माळभर पसरतं. जनावराला आवडतं तेवढ्यावरून पेरायचं ठरवलं तर पाच-दहा वर्षांत जनावराचा माळच नाहीसा होतो.

आता गवतांकडे येऊ. वऱ्हाडातल्या गुराख्यांना ही नावं नवी नाहीत. मारवेल काळ्या जमिनीत उत्तम येतं, गोड असतं, चरल्यावर पुन्हा फुटतं. माझ्या मते पहिली निवड हीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण काढले आहेत, पण ते चारा कापून घेण्यासाठी आहेत. अभयारण्यात स्थानिक मारवेलचंच बी वापरावं. हलक्या, मुरमाड उतारावर पवन्या आणि शेडा. पाणी धरून ठेवणाऱ्या चिबड जागी मुशान. ओढ्याकाठी हरळी, जिच्या कोवळ्या फुटव्याला ससा आणि काळवीट दोघेही तोंड लावतात. कुसळी गवत निसवण्याआधी चांगलं, नंतर त्याची कुसळं तोंडात रुततात, म्हणून ते आपोआप येतं तेवढं पुरे, मुद्दाम वाढवू नये. रोशा सुगंधी असतं, पण त्या वासामुळेच जनावर त्याला टाळतं.

पेरणी सोयाबीनसारखी होत नाही. गवताचं बी हलकं, लोकरी, वाऱ्यावर उडणारं असतं. शिवाय बऱ्याच गवतांचं ताजं बी उगवतच नाही, त्याला काही महिने सुप्तावस्थेत काढावे लागतात. म्हणून कार्तिकात बी झोडून, वाळवून, पोत्यात भरून ठेवायचं आणि मृगाचा पाऊस झाल्यावर ओलसर माती, वाळू किंवा शेणखतात कालवून फेकायचं. खोल गाडलं की गेलं. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे ठोंब लावणं: जुन्या गवताचा झुबका मुळांसकट उपटायचा, फोडायचा आणि भर पावसात लावायचा. हे कष्टाचं काम आहे, पण ज्या जागी गवत पूर्ण संपलं आहे तिथे याला पर्याय नाही.

निम्मी मेहनत मात्र लावण्यात नसून उपटण्यात असते. तरोटा, रानतुळस, गाजरगवत, घाणेरी यांना जनावर तोंड लावत नाही, आणि ती चांगल्या गवताची जागा खातात. त्यांना फुलोऱ्याच्या आत उपटायला हवं. तरोट्याला शेंगा धरल्या की त्या वर्षीचं काम वाया गेलं समजा, कारण त्याचं कठीण कवचाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून बाहेर वसवली गेली. त्यांच्या सोडलेल्या शेतांचा आज कुरणं म्हणून उल्लेख होतो. पण पडीक शेताचं कुरण आपोआप होत नाही, तण काढावं लागतं, बी टाकावं लागतं. अमरावती जिल्ह्यातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गजानन मुरतकर यांनी विदर्भातल्या वनकर्मचाऱ्यांना गवतं ओळखायला शिकवण्यासाठी जे कष्ट घेतले, ते मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटतात. वनरक्षकाला वाघाचा पंजा ओळखता येतो. त्याला पवन्या आणि कुसळी यांतला फरक कळला, तर त्या वाघाच्या खाद्याची काळजी घेता येईल.

वर्षायू पिकांना अजिबात जागा नाही, असं मी म्हणत नाही. अभयारण्याच्या आत, शेतांपासून लांब, चवळीचा किंवा मटकीचा लहान पट्टा पेरला तर पावसाळ्यात विणीच्या माद्यांना त्याचा आधार होतो. अडचण अशी की चार पानांवर असतानाच तो खाऊन सपाट होतो. अमेरिकेतही हाच अनुभव असल्याने तिथे सुरुवातीचे काही आठवडे तात्पुरतं कुंपण घालतात. ज्वारी पेरायची तर कोवळेपणी, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर, तिच्यात विष तयार होतं हे विसरू नये. गुरांना किराळ लागते ती यामुळेच. आणि सोयाबीन व तूर तर अभयारण्यात कधीही पेरू नये. ज्या पिकाचं नुकसान वाचवायचं, त्याचीच चटक लावण्यात काय अर्थ?

शेतकऱ्याच्या बाजूने मात्र पिकांची निवड खरोखर महत्त्वाची आहे. वऱ्हाडात करडीचा काटेरी पट्टा धुऱ्याने घालण्याची जुनी रीत होती. हळदीला जनावर सहसा त्रास देत नाही. अलीकडे वाशीम जिल्ह्यात चियाची लागवड वाढली, त्यामागे भाव आहेच, पण रोही आणि हरीण त्याला खात नाहीत हेही शेतकरी कारण सांगतात. ज्वारी मागे पडून सगळीकडे सोयाबीन आलं, तेव्हा माळालगतच्या शेतांत ऐन जूनमध्ये कोवळ्या, प्रथिनयुक्त पाल्याचं ताट सलग मैलभर मांडलं गेलं. हरणाला दोष देण्याआधी हे बघायला हवं. तरीही एक गोष्ट शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवी: कुरण कितीही चांगलं झालं तरी नुकसान शून्यावर येणार नाही. १८ चौरस किलोमीटरचं रान आणि त्याला लागून पीक, अशा ठिकाणी जनावर दोन्हीकडे जाणारच. कुरणाने उन्हाळ्यातला उपास कमी होतो. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं हे त्याच्याबरोबरीचं, वेगळं काम आहे, आणि एकाच्या नावाखाली दुसरं टाळता कामा नये.

खरी जागा शिल्लक आहे ती अभयारण्याबाहेर. विदर्भात गावोगाव ई-क्लास जमिनी आहेत, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. कागदावर बऱ्याचदा तिची गणना पडीकात होते. त्यामुळे पडीक दिसली की तिथे झाडं लावायची, अशी सवय लागली आहे. हिरवाईच्या उत्साहात माळावर खड्डे खणून रोपं लावली जातात तेव्हा माझा जीव तुटतो, कारण त्या माळावर आधीच एक जिवंत व्यवस्था असते. लांडगा, ससा, लावा, भाट तितर, काळवीट, आणि पावसाळ्यात उंच गवतात उड्या मारून मादीला साद घालणारा तणमोर. २०२१ मध्ये तणमोराची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. अकोला-वाशीम भाग हा त्याच्या उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक. कारंजाच्या संवेदना संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन याच भागात तणमोर आणि गवताळ रानं राखण्याचं काम केलं. ज्यांना माळावरचं प्रत्येक पाखरू ओळखता येतं, त्यांच्या हाती राखणदारी देणं यापेक्षा शहाणपणाचा निर्णय मला माहीत नाही.

बंजारा समाजाचाही इथे हक्काचा वाटा आहे. रेल्वे येण्याआधी धान्य आणि मीठ लादलेले बैलांचे तांडे घेऊन लदेणी करणाऱ्या या लोकांचा रस्ता गवत आणि पाणी बघून ठरत असे. हजारो बैल वाटेत चरून पुढे जायचे, तर कोणत्या महिन्यात कुठल्या उतारावर काय मिळेल हे ठाऊक असल्याशिवाय व्यापार चालला नसता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा वारशाचं मोठं संग्रहालय उघडलं. त्या वारशात गवताचं ज्ञानही मोडतं. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्याने आपल्या ई-क्लासवर मारवेलचं रोपण केलं तर ते बाहेरून आणलेलं काम ठरणार नाही.

अशा कुरणावर चराईबंदी घालून चालणार नाही, कारण बंदी टिकत नाही. चार तुकडे करावेत आणि दरवर्षी एक तुकडा पूर्ण बंद ठेवावा. उरलेल्यांत बी गळून गेल्यावर, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, गावकऱ्यांनी गवत कापून न्यावं. काही पट्टे उंच सोडावेत, काही बुटके करावेत: उंच गवत तणमोराला आणि सशाला, बुटकं काळविटाला. कापणीनंतर लगेच जाळरेषा काढाव्यात, कारण वाळलेलं उभं गवत एका बिडीने जातं आणि वैशाखाची सगळी शिदोरी एका दुपारी संपते. गवत कापायला मिळणारा माणूसच वणवा विझवायला धावतो. म्हणून ग्रामसभेचा ठराव घेताना हरणाच्या वाट्याबरोबर गावाच्या गुरांचा वाटा पेंढ्यांच्या आकड्यांत लिहून घ्यावा, आणि तो ठराव मृगाआधी व्हावा, नाहीतर बी टाकायचा हंगाम हातचा जाईल.