लग्नसराईसाठी फुलशेतीचे नियोजन

मांडवाच्या दारी तोरण चढले की घरात मंगल कार्य आहे हे साऱ्या गावास समजते. झेंडूच्या माळा, निशिगंधाचे हार, मोगऱ्याचे गजरे, शेवंतीची वेणी आणि वधूवरांच्या मुंडावळ्या यांवाचून आपल्याकडील विवाह शोभत नाही. असे असूनही, कन्नड तालुक्यातील कित्येक विवाहांत ही फुले शहराच्या बाजारातून आणली जातात, अथवा त्यांच्या जागी कापडी व प्लास्टिकची फुले टांगली जातात. ज्या कुटुंबाच्या विहिरीस पाणी आहे आणि ज्याच्या बांधाशी चार गुंठे मोकळी जमीन आहे, त्याच कुटुंबाने कर्ज काढून मांडवाची सजावट विकत घ्यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घरच्या कार्यापुरती फुले पिकविणारा शेतकरी थोड्याच अनुभवाने गावातील इतर कार्यांसाठीही फुले पुरवू शकेल.

मुहूर्तापासून मागे मोजावे

लग्नाच्या फुलशेतीत मुहूर्ताच्या तारखेस फार महत्त्व असते. दोन दिवस उशिरा फुललेले फूल मांडवाच्या उपयोगाचे नसते. म्हणून तारीख ठरताच तेथून मागे दिवस मोजावेत. झेंडूचे रोप तयार होण्यास सुमारे एक महिना लागतो व लावणीनंतर साधारणपणे ६० ते ७० दिवसांनी फुले येऊ लागतात. लावणीनंतर महिन्याभराने शेंडा खुडल्यास फांद्या व फुले वाढतात, परंतु बहर काही दिवस लांबतो, हे ध्यानी ठेवावे. उदाहरणार्थ, २५ एप्रिलच्या विवाहासाठी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी टाकावे आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी उरकावी. सर्व बी एकाच दिवशी न टाकता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत टाकल्यास तारीख चुकण्याचे भय उरत नाही.

किती फुले लागतील याचा अंदाज बांधणे कठीण नाही. एक हात लांबीची माळ ओवून तिचे वजन करावे, मांडवाचे खांब व दारे मोजावीत आणि गुणाकार करावा. झेंडूचे हेक्टरी १० टन उत्पन्न धरले, तर एका गुंठ्यास सुमारे १०० किलो फुले मिळतात. परंतु ती सहा-सात तोडण्यांत विभागलेली असतात. एका तोडणीस गुंठ्यामागे १५ किलो मिळतील असे धरल्यास ६० किलोंसाठी चार गुंठे लागतील. उरलेल्या तोडण्यांचा माल विकण्याची तजवीज लावणीपूर्वीच केली पाहिजे.

ऋतूप्रमाणे फुलांची निवड

तुळशीविवाहानंतरच्या मुहूर्तांसाठी शेवंती उत्तम होय. दिवस लहान होऊ लागले की तिला कळ्या धरतात. म्हणून जून-जुलैमध्ये लावलेली शेवंती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलते. चैत्र-वैशाखातील विवाहांना मोगरा साजतो. डिसेंबरच्या अखेरीस अथवा जानेवारीत त्याची छाटणी करून खत-पाणी दिल्यास उन्हाळ्यात बहर येतो. मात्र नव्या लागणीपासून भरीव उत्पन्न तिसऱ्या वर्षापासूनच धरावे. निशिगंधाचे कंद एप्रिल-मे महिन्यांत लावावेत. ते तीन वर्षांपर्यंत शेतात ठेवता येतात. हार व वेणीसाठी एकेरी, तर फुलदाणीसाठी दुहेरी प्रकार निवडावा. थंडीत त्याचे दांडे कमी येतात. पाण्याची ओढ असेल तेथे काटक असा गलांडा लावावा. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी पडतो व फुले लहान राहतात. म्हणून ठिबकने नियमित पाणी द्यावे व पानांची खालची बाजू वरचेवर तपासावी.

आपल्या तालुक्यात आल्याचे पीक बरेच होते. त्यास मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव होतो. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे या सूत्रकृमींची संख्या घटते. तेव्हा पुढील वर्षी ज्या वावरात आले घ्यावयाचे, तेथे आधी झेंडू घेणे दुहेरी लाभाचे ठरते.

तोडणी व हाताळणी

तोडणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. झेंडू पूर्ण उमलल्यावर सकाळी अथवा संध्याकाळी तोडावा. मोगऱ्याच्या टपोऱ्या पण न उमललेल्या कळ्या भल्या पहाटे तोडाव्यात. त्या सायंकाळी उमलतात, म्हणून गोरज मुहूर्ताच्या गजऱ्यासाठी त्याच दिवशीची तोड घ्यावी. फुले बांबूच्या टोपलीत ओल्या गोणपाटावर सावलीत पसरावीत. ढीग करून दाबल्यास ती आतून तापतात व काळवंडतात.

व्यवहारातील सावधगिरी

दसरा-दिवाळीस सर्वांचाच झेंडू बाजारात येतो व भाव कोसळतात. लग्नसराईचा माल आगाऊ ठरवून विकता येतो, हा तिचा मोठा गुण होय. मांडववाल्याशी तारीख, वजन व दर कागदावर लिहून घ्यावेत आणि विसार घ्यावा. सुटी फुले देण्याऐवजी गावातील महिला बचत गटाकडून माळा ओवून दिल्यास मजुरीही गावातच राहते. परंतु सर्व जमीन फुलांखाली आणू नये. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा ऐन हंगामात विवाह थांबले आणि राज्यातील अनेक फूल उत्पादकांना उभ्या पिकावर नांगर फिरवावा लागला. पंचांगही पाहावे. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक मासात विवाह होत नाहीत. पंचांग न पाहता त्या महिन्यासाठी केलेली लावण वाया जाते.

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. खऱ्या फुलांना मागणी वाढण्यास हे अनुकूलच आहे. विवाहानंतर माळांतील दोरे व तारा काढून फुले खतखड्ड्यात टाकावीत, म्हणजे मांडवाची शोभा पुन्हा शेताच्या कामी येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर गावात फिरून येत्या हंगामातील ठरलेल्या विवाहांची यादी करावी आणि पाण्याची सोय असलेल्या दोन-तीन होतकरू शेतकऱ्यांची त्या कुटुंबांशी गाठ घालून द्यावी. पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. गावच्या मांडवात गावची फुले दिसू लागली की पुढील लावण करण्यास इतर शेतकरी आपण होऊन पुढे येतील.