घराचे धाबे उतरविण्यापूर्वी



गतवर्षी श्रावणातील एका रात्री, अमरावतीच्या जुन्या वस्तीतील आमच्या घरी, माझ्या वृद्ध मातोश्रींच्या अंथरुणावर वरून चार ओंजळी माती पडली. दिवा लावून पाहतो तो छताची एक कडी मध्येच वाकलेली, आणि तिच्या भिंतीकडील टोकाशी ओल उतरलेली. त्या रात्री मातोश्रींना ओसरीवर निजविले. आणि निवृत्तीपासून जे काम मी वर्षानुवर्षे पुढे ढकलीत आलो होतो, ते आता टळणार नाही, हे मनाशी पक्के झाले. ते काम करताना जे शिकावयास मिळाले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. कारण वऱ्हाडात अशी धाब्याची घरे अद्याप पुष्कळ आहेत.

धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. सागवानी खांबांवर मयाली, मयालींवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, त्यांवर पालापाचोळा अथवा तुऱ्हाट्या, आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. वरचा हात खाऱ्या पांढऱ्या मातीचा. ही माती भिजली की फुगते व आपल्या भेगा आपणच बुजविते. शिवाय क्षारामुळे तीवर गवत फारसे माजत नाही. ह्या रचनेत छताचा भार मुख्यतः खांब वाहतात, भिंती केवळ आडोसा करतात. जुनी माणसे म्हणत की भिंत पडली तरी घर उभे राहते, ते ह्याच अर्थाने.

मग अशी घरे पावसाळ्यात बसतात का? ह्याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक फूट जाडीच्या थरात दर चौरस फुटावर सुमारे ४५ किलो माती असते. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट. म्हणजे डोक्यावर सुमारे ५४ क्विंटल भार झाला! छत गळू लागले की आपण जुन्या मातीवर नवी माती टाकतो. अशा प्रत्येक इंचागणिक साडेचार क्विंटल वजन वाढते. आमच्या छताचा थर मोजला तो सव्वा फूट भरला. तीन पिढ्यांनी घराची निगा राखली खरी. परंतु त्या निगेचेच ओझे झाले. त्यात माती भिजली की आणखी जड होते, आणि भिंतीत गेलेली कड्यांची टोके वाळवी व ओल यांनी आतून पोखरलेली असतात. अनर्थ होतो तो ह्या तिन्ही गोष्टी एका रात्री एकत्र आल्या म्हणजे.

आता बदलावयाचे तर काय घालावे? एका गवंड्याने सल्ला दिला की लाकूड सगळे काढावे आणि मातीच्या भिंतींवरच स्लॅब टाकावा. चार इंच स्लॅबचे वजन त्याच खोलीस सुमारे २८ क्विंटल, म्हणजे मातीच्या जवळजवळ निम्मेच. तेव्हा हरकत ती काय, असे प्रथमदर्शनी वाटते. पण मातीचा भार खांबांवर होता. स्लॅबचा भार भिंतींवर येईल, आणि मातीची भिंत भिजली की तिचे बळ जाते. शिवाय आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या हालचालीबरोबर लाकडी सांगाडा थोडाफार हलतो व निभावून नेतो. अखंड स्लॅबला मात्र तडे जातात. ज्यांस स्लॅब हवा असेल त्यांनी पायापासून स्वतंत्र खांब उभारावेत. म्हणजे वस्तुतः नवे घरच बांधावे.

दुसरा मार्ग टिनाचा. पन्हळी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर ह्या अभियंत्याने लंडनमध्ये १८२९ साली घेतले. पत्रा हलका, तेवढ्याच खोलीचे पत्रे जेमतेम अर्धा क्विंटल भरतात, आणि पाण्यास तो चांगलाच अडवितो. दोष उन्हाचा. अकोला व अमरावती ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे २३ ते २६ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबारानंतर सूर्य नेमका डोक्यावर येतो. अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते. अशा वेळी ऊन भिंतींवर फारसे पडत नाही. सगळे छतावर पडते. पत्रा ते तत्काळ आत सोडतो. उलट फूटभर मातीतून तीच उष्णता खाली पोहोचण्यास आठ-दहा तास लागतात, आणि तोवर रात्र होऊन दारे-खिडक्या उघडलेल्या असतात. चार इंचांचा स्लॅब मधला. तो दुपारचे ऊन ऐन निजावयाच्या वेळी आपल्यास परत करतो.

ह्या विचारात असताना मला श्रीनगरची जुनी घरे आठवली. तेथे बर्फ पडते, येथे आग. तरी तेथील लोकही छतावर मातीच घालीत. तिच्याखाली ते भूर्जपत्राचे थर देत. ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, तीच साल पाणी अडविण्याच्या कामी येई, आणि मातीचा थर थंडी बाहेर ठेवी. पुढे तेथेही उतरते पत्रे आले. त्यांवरून बर्फ घसरून पडते, साचून भार होत नाही. ह्यावरून ध्यानात आले की छताची कामे दोन आहेत: पाणी अडविणे आणि ऊन वा थंडी अडविणे. ती दोन्ही एकाच वस्तूने केली पाहिजेत असे थोडेच आहे?

म्हणून आम्ही फाल्गुनात काम काढले. प्रथम खोल्या रिकाम्या करून मयालींखाली टेकू दिले. मग माती दोन्ही बाजूंनी सारख्या प्रमाणात उतरविली. एका कडेस ढीग करणे घातक, कारण सगळा भार तेथेच येतो. प्रत्येक कडीचे टोक दाभण खुपसून तपासले. दाभण सहज आत गेले तेथे कडी बदलली. सहा इंच माती राखली, आणि तिच्यावर हातभर अंतर सोडून, स्वतंत्र सांगाड्यावर, उतरते पत्रे घातले. मधली पोकळी दोन्ही टोकांस मोकळी ठेवून पाखरांसाठी जाळी लावली, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. पत्रे आकड्याच्या बोल्टांनी, पन्हळीच्या उंचवट्यावर भोके पाडून, आवळून बसविले. पत्र्यांवर नुसते धोंडे ठेवण्याची चाल सोडून द्यावी. वळवाच्या वावटळीत पत्रा उडतो आणि धोंडा खालच्या माणसावर येतो.

ह्या वैशाखात मातोश्री त्याच खोलीत निजल्या. मृगाच्या पहिल्या पावसात पत्र्याचा आवाज ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "वाजतं लई, पण गळत नाही." आवाजाचा दोष राहिला आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो.

ज्यांच्या घरी धाबे असेल त्यांनी दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत, एकदा थराची जाडी मोजावी आणि कड्यांची टोके तपासावीत. नवी माती टाकण्यापूर्वी जुनी किती आहे ते पाहावे.