जिवंत काडतुसाचे आयुष्य

पोलिसांच्या पंचनाम्यात न उडालेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद ‘जिवंत काडतूस’ अशी होते आणि उडालेल्याच्या रिकाम्या पितळी कवचाला ‘पुंगळी’ म्हणतात. परंतु आठ-दहा वर्षे कपाटात पडून असलेले काडतूस खरोखर जिवंत आहे की नुसते तसे दिसते आहे, हे चाप ओढल्याखेरीज कळत नाही, आणि ज्याने जिवाच्या भीतीपोटी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले त्याला ही परीक्षा ऐन संकटात घेणे परवडणारे नसते. शस्त्राला तेलपाणी करण्याची सवय बहुतेक परवानाधारकांना असते. काडतुसे मात्र खरेदीच्या दिवशी भरली ती भरलीच, असा सर्रास प्रकार आढळतो.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या परिसरात तरी हा विषय परका नाही. औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांपासून महामार्गाने पूर्वेला काही मैलांवर वरणगावची आयुध निर्माणी आहे, जिथे 1964 पासून सैन्यासाठी बंदुकीची काडतुसे तयार होतात. 1869 साली स्थापन झालेला पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याहून जुना, आणि ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत गेले आहेत. 9 मिलिमीटर पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकाच्या वाट्याला बहुधा .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास.

काडतूस चार भागांचे असते: पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची गोळी. चाप ओढल्यावर टोपीवर घाव बसतो, तिची ठिणगी दारूला पेटवते आणि निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. या चौघांपैकी दारू ही रासायनिकदृष्ट्या कधीच स्वस्थ नसते: तिच्यातील नायट्रोसेल्युलोजचे संथ विघटन अखंड चालू असते, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढच्या विघटनाला चालना देतात, म्हणून हे वायू शोषून घेणारे डायफेनिलअमाइनसारखे स्थिरकारक द्रव्य दारूत आधीच मिसळलेले असते. ते संपत आले की दारूचे म्हातारपण सुरू होते. थंड, कोरड्या जागी याला दशके लागतात. तापमान 10 अंशांनी वाढले, तर विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो.

इथे खानदेशचा उन्हाळा आड येतो. भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो, पत्र्याखालची खोली त्याहून तापते, आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत डॅशबोर्डवर 60 अंशांच्या पुढचे तापमान सहज गाठले जाते. चारचाकीच्या कप्प्यात शस्त्र ठेवून देणे हे सुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य आहेच, पण काडतुसाच्या दृष्टीनेही ते एका उन्हाळ्यात अनेक वर्षांचे वय चढवण्यासारखे आहे.

कवचाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेच्या तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचे पावसाळ्यात आपोआप चिरत असत. ऋतूशी असलेल्या या संबंधावरून इंग्रजीत त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. खरे कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडून दाखवले. पितळेचा पत्रा ओढून कवच घडवताना धातूत ताण शिल्लक राहतो, आणि घोड्यांच्या मुताच्या वासातला अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला नेमका फोडतो. कवच बेताचे तापवून हा ताण घालवता येतो. तरीही गोठ्याला लागून असलेल्या कोठीत किंवा खताच्या गोणींशेजारी काडतुसे ठेवू नयेत, हा धडा शेतकरी घरात आजही लागू पडतो. कल्हई न केलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे चामडी पट्ट्याच्या घरात महिनोन्‌महिने खोचलेल्या काडतुसांवर हिरवट थर का चढतो, हेही समजायला कठीण नाही: चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि घाम मिळून पितळेला कळक आणतात. असा थर चढलेले काडतूस पुसून पुन्हा भरायचे नसते, ते बाद करायचे असते.

पिस्तुलाच्या बाबतीत आणखी एक धोका हाताळणीतून येतो. रोज रात्री शस्त्र रिकामे करायचे आणि सकाळी तेच वरचे काडतूस पुन्हा नळीत चढवायचे, या क्रमात गोळीचे टोक दरवेळी धातूवर आदळते आणि गोळी कणाकणाने कवचात मागे सरकते; आतली जागा आक्रसल्यामुळे बार उडताना दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी ते सपाट टेबलावर उभे केले की आखूडपणा डोळ्यांना दिसतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे हाताने एकेका घरात घातली जात असल्याने हा दोष सहसा उद्भवत नाही. तेलाचा अतिरेक मात्र दोन्हींना बाधतो, कारण पातळ तेल टोपीच्या फटीतून झिरपून तिची ठिणगी मारून टाकते.

काडतूस अजिबात न उडणे हा वास्तविक बरा प्रकार. अर्धवट उडणे अधिक घातक. दारू दमट झालेली असेल, तर बारीक ‘फट’ असा आवाज होतो, गोळी नळीतच अडकते आणि घाबरलेल्या माणसाने पुन्हा चाप ओढला की दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. सरावाच्या वेळी बार न झाल्यास नळीचे तोंड निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिरानेही पेटू शकते.

मग बदल किती काळाने करावा? रोज अंगावर बाळगलेली काडतुसे सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने बदलावीत. मूळ खोक्यात, घरातल्या थंड आणि कुलूपबंद जागी ठेवलेली मात्र दहा वर्षेही बिनधास्त टिकतात. अमेरिकेतील अनेक पोलीस दलांत वार्षिक नेमबाजी चाचणीच्या वेळी जुनी काडतुसे उडवून नवी देण्याची पद्धत आहे. खानदेशात वर्ष मोजायचे, तर ते उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास मोजणे सोयीचे. निवडणुकीच्या आचारसंहितेत ज्यांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात, त्यांनी ती परत घेतल्यावर काडतुसे एकेक करून न्याहाळावीत, हेही ओघाने आलेच. अशी वेळ एका वर्षात दोनदाही येऊ शकते: 2024 मध्ये महाराष्ट्रात उन्हाळ्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, अशा दोन निवडणुका झाल्या.

भारतीय परवानाधारकाला अमेरिकनाप्रमाणे पेट्याच्या पेट्या विकत घेता येत नाहीत. एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती विकत घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यातच लिहिलेले असतात, त्यामुळे जुनी संपल्याशिवाय नव्यांना जागा होत नाही. सुस्थितीतील जुनी काडतुसे परवानाप्राप्त रायफल क्लबच्या रेंजवर सरावात संपवणे हा त्यातला सरळ मार्ग, कारण त्यातून हातही बसतो आणि तो साठा भरवशाचा होता की नाही तेही कळते. चिरलेली, कळकलेली किंवा आखूड झालेली काडतुसे तापीत फेकणे किंवा बांधावर पुरणे हा उपाय नव्हे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून ती नोंद करून जमा करावीत. हळदीच्या रात्री हवेत बार काढून ती ‘खपवण्या’ची हौस तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमातील स्वतंत्र गुन्हा ठरली असून, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा आनंदबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.