फोटोच्या मागे काय लिहिलंय? गोष्ट ॲस्पेन गावाची

बर्फ पडायला लागला की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर एकच फोटो फिरतो: गुडघाभर बर्फ, भाड्याचे स्की आणि टोपीतून जेमतेम दिसणारं लाल नाक. आज बोलायचं आहे ते अशाच फोटोंबद्दल, फक्त सत्तर, ऐंशी, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या.

कोलोरॅडोतलं ॲस्पेन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. निदान तिथल्या हॉटेलांचे दर पाहून बेत तरी बदलला असेल! त्या महागड्या गावात १८८८ सालचं एक विटांचं घर आहे, व्हीलर-स्टॅलर्ड हाउस. तिथे ॲस्पेन हिस्टॉरिकल सोसायटीचं संग्रहालय आहे. या संस्थेनं गावाचे जुने फोटो गोळा केले, स्कॅन केले, त्यांच्या नोंदी केल्या, आणि त्यातले पुष्कळसे आज घरबसल्या बघता येतात. स्कीच्या गावाला एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण हे गाव मुळात स्कीचं नव्हतंच.

१८७९ मध्ये इथे चांदी शोधणारे आले. त्याआधी ही दरी युट लोकांची होती. १८८१ मध्ये त्यांना इथून उठवून यूटाकडे पाठवलं गेलं, आणि त्यांचं या दरीतलं जगणं फोटोंत शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. म्हणजे गावाच्या अल्बमचं पहिलं पान जवळजवळ कोरंच. पुढे १८८७ आणि १८८८ मध्ये दोन रेल्वे आल्या, १८८९ मध्ये जेरोम हॉटेल आणि व्हीलर ऑपेरा हाउस उभं राहिलं, वस्ती बारा हजारांच्या घरात गेली. मग १८९३ मध्ये सरकारनं चांदीची ठरलेली खरेदी थांबवली, भाव कोसळला, आणि गाव रिकामं व्हायला लागलं. १९३० च्या जनगणनेत उरले ७०५ जण.

भरभराटीत गाव फोटोसाठी नटून उभं राहतं. पडत्या काळात फोटोग्राफरला कोण बोलावणार? तिथले लोक या चारेक दशकांना ‘शांत वर्षं’ म्हणतात. अशा काळाचा माग लागतो तो घरगुती अल्बममधून. अंगणातली मुलं, बटाट्याचं शेत, ओसाड रस्ता. असा अल्बम कुणा नातवंडानं घर रिकामं करताना कचऱ्यात टाकला, तर त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

स्कीची सुरुवात १९३६ च्या सुमाराला झाली. आंद्रे रॉख हा स्विस गिर्यारोहक डोंगर पाहायला आला आणि त्यानं उतारावरची पहिली वाट आखून दिली. वर जायला सोय काय, तर ‘बोट टो’: खाणीतलं जुनं यंत्र आणि मोटारीचं इंजिन जोडून दोरानं ओढलेली लाकडी घसरगाडी! मग युद्ध आलं. जवळच्या कॅम्प हेलमध्ये सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचं प्रशिक्षण चाले आणि जवान सुट्टीत ॲस्पेनला येत. त्यांतला ऑस्ट्रियन फ्रीडल फायफर इटलीत जखमी झाला, बरा झाला आणि इथेच परतला. शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपकी त्याच्या जोडीला आले. १९४६-४७ च्या हिवाळ्यात ‘लिफ्ट वन’ सुरू झाली. एका खुर्चीत एकच माणूस, पण त्या वेळी जगातली सगळ्यात लांब चेअरलिफ्ट.

आता यात आपला धागा ऐका. १९४९ मध्ये पेपकींनी ॲस्पेनमध्ये महाकवी गटेच्या द्विशताब्दीचा महोत्सव भरवला आणि त्याचे फोटो काढायला फेरेन्स बर्को नावाच्या हंगेरियन फोटोग्राफरला बोलावलं. हे बर्को १९३८ ते १९४७ मुंबईत राहिलेले! तिथे त्यांनी भवनानी फिल्म्ससाठी काम केलं, स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि हिंदुस्थानातल्या रस्त्यांचे, माणसांचे फोटो काढले. ॲस्पेनला आले ते २००० मध्ये वारले तोवर तिथलेच झाले. मुंबईच्या उन्हात तयार झालेली नजर पुढे पन्नास वर्षं त्या बर्फाळ गावाकडे पाहत राहिली. मला स्वतःला त्यांचे फोटो आवडतात, कारण त्यांत बर्फ नुसता पांढरा पडदा वाटत नाही, त्याला सावली असते.

बर्कोंसारख्यांचं काम टिकतं. त्याच्याकडे लक्ष असतं, मागे नोंदी असतात. अडचण येते ती बाकीच्यांची. खोक्यातून निघालेल्या फोटोत दहा माणसं स्की घेऊन उभी, मागे काही लिहिलेलं नाही. हा कधीचा? इथे खरी गुप्तहेरगिरी सुरू होते. ॲस्पेनच्या डोंगरावर गोंडोला दिसला तर फोटो १९८६ नंतरचा. त्याच डोंगरावर स्नोबोर्डवाला असेल तर बहुधा २००१ नंतरचा, कारण तोवर तिथे स्नोबोर्डला बंदी होती. प्लास्टिकचे बूट म्हणजे साठच्या दशकाच्या आधीचा नाही. डोंगर बोडका असेल तर खाणकामाच्या काळाच्या जवळचा, कारण खाणींच्या आधाराला आणि सरपणाला झाडं तोडली होती. ती नंतर पुन्हा वाढली. मोटारीची नंबरप्लेट, दुकानाची पाटी, छताची कड, सगळं बोलतं. फोटो उलटा तर स्कॅन झाला नाही ना, हेही पाहावं लागतं. स्लाइड किंवा निगेटिव्ह चुकीच्या बाजूनं ठेवली की डावं-उजवं बदलतं आणि डोंगर आरशातला होतो. स्पर्धकाच्या छातीवरचा आकडा उलटा दिसला की चूक पकडली जाते.

बर्फाच्या फोटोंचं आणखी एक दुखणं आहे. स्कॅनरमध्ये ‘आपोआप सुधारणा’ चालू असेल तर यंत्र फोटो उजळ करायला जातं आणि बर्फावरच्या स्कीच्या रेघा पुसून टाकतं. राहतो नुसता कोरा कागद. म्हणून आधी कुठलीही सुधारणा न करता स्कॅन करायचं आणि ती मूळ फाइल तशीच ठेवायची. चेहरे-मोहरे उजळायचे ते तिच्या प्रतीवर.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्या दहा माणसांची नावं ते सांगत नाही. ती सांगते गावातली एखादी आजी. म्हणून असे संग्रह चालवणारी माणसं फोटो घेऊन वृद्धांच्या शेजारी बसतात, आठवणी ध्वनिमुद्रित करतात. आणि एक जाणवतं. अशा संग्रहांत शर्यत जिंकणारे पुष्कळ असतात, लिफ्टचे खांब रोवणारे, हॉटेलात चादरी बदलणारे मात्र कमी. ते लोक कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्ये असतात, आणि तो अल्बम संग्रहालयापर्यंत पोचलेला नसतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो घरच्याच एका खोक्यामुळे. माझे सासरे सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले. त्यांच्या स्लाइड्सचं खोकं तळघरात होतं. ते गेल्यावर आम्ही उघडलं. एका स्लाइडमध्ये कोलोरॅडोतल्या कुठल्याशा उतारावर चार मराठी जोडपी, बायका कोटाखाली साडी नेसलेल्या, पायांत स्की! सासूबाईंनी तिघांची नावं घेतली. चौथ्या जोडप्यातल्या बाईंचं माहेरचं गाव त्यांना आठवतं, त्यांनी केलेल्या बेसनाच्या वड्या आठवतात, पण नाव काही केल्या आठवत नाही. कुठला डोंगर, तेही नाही. आम्ही ती स्लाइड फोनवर दोन घरी पाठवली आहे, अजून उत्तर नाही.

तुमच्याकडे असं खोकं असेल तर आधी ते तळघरातून किंवा माळ्यावरून खाली-वर काय ते करून राहत्या खोलीत आणा. ओल आणि उकाडा हे फोटोंचे वैरी. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि तिचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, म्हणजे क्रम आणि शेजारचं लिखाण राहतं. मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. कागदी फोटोवर मऊ पेन्सिल चालते, गुळगुळीत फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बहुधा छपाईचा महिना असतो, तोही टिपून ठेवा, फोटो त्याच्या आधीचा असतो.

आणि नावं लिहिताना ‘बंडूकाका’ एवढंच लिहू नका, बरं का. तीस वर्षांनी तुमच्या नातीला कोण बंडूकाका ते कळायला पूर्ण नाव, गाव आणि कोण कुठे उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहिलेलं लागेल. स्कीच्या गावाचा ओळखू येणारा जुना फोटो निघाला, तर त्याची एक प्रत तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीला घेता का म्हणून विचारा. साडीवर स्की घातलेल्या बायका त्यांच्याकडे फारशा नसाव्यात.

आमच्या चौथ्या जोडप्याचा शोध चालू आहे. बाई मूळच्या वाईच्या, एवढं नक्की.